पस्तीस बाय पंचेचाळीस

परदेशी नागरिक कार्यालयासमोर माझं दुकान.
मध्ये ट्रामचे रूळ आणि एक लिंडनचं झाड,
जूनमध्ये काचेवर चिकट काहीतरी गाळत बसणारं.
फोटोचं माप पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर.
हनुवटीपासून टाळूपर्यंत किती, ते बोटांना पाठ आहे.
हसू नका, म्हणते मी. तोंड मिटून.
चष्म्यावर उजेड नको.
आणि पोरं नेमकी तेव्हाच हसतात.

एबोंगे पहिल्यांदा आला
तेव्हा थंडीनं त्याचे कान राखाडी पडले होते.
दुआलाचा. तिथली हवा म्हणे
ओल्या टॉवेलसारखी अंगाला लागते.
मेकॅनिकल, दोन वर्षं.
चार प्रती कापून दिल्या,
पाचवी बिस्किटांच्या डब्यात टाकली.
(वाईट खोड. कायद्यात बसत नाही बहुतेक.)

दुसऱ्या खेपेला दोनाची चार वर्षं झाली होती.
तिसऱ्या खेपेला टाय.
"पदवी मिळाली, फ्राऊ दोआन. आता अठरा महिने."

अठरा महिने देतात, नोकरी शोधायला.
तोवर पार्सलं उचला, भांडी घासा, काही करा,
पण शेवटी कागदावर दोन टोकं जुळली पाहिजेत:
शिकलात काय आणि करताय काय.
मी म्हटलं, माझ्या ओळखीत
असं कुणाचंच जुळलेलं नाही,
इथे जन्मलेल्यांचंसुद्धा.
तो हसला. फोटो पुन्हा काढावा लागला.

मी इथे आले सत्त्याऐंशी साली,
हायफाँगहून, शिलाई मशीनवर बसायला.
पाच वर्षांचा करार.
मग भिंत पडली, पाठोपाठ कारखाना,
आणि म्हणाले, तीन हजार मार्क घ्या
आणि हे विमानाचं तिकीट.
शेजारच्या मशीनवरची न्हान गेली.
मी राहिले. का, म्हणून विचारतात.
एक शिवण अर्धी राहिली होती, असं सांगते.
खरं तर मला विमानाची भीती वाटायची.
त्याच सुमारास शहरानं नाव बदललं,
रातोरात पाट्या उतरवल्या.
त्याच्याकडे कुणी कागद मागितले नाहीत.

मधल्या काळात तो नुसताच येऊन बसायचा,
गोदामाचं पिवळं जाकीट अंगात.
एतेरीला ब्लू कार्ड मिळालं, तिनं केक आणला,
त्यानं दोन तुकडे खाल्ले, मोजून.
वुलान, रसायनशास्त्र शिकलेली,
नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला जाऊन बसली.
रस्ते आहेत, म्हणायचा तो, रस्ते खूप आहेत,
फक्त प्रत्येकाच्या तोंडाशी
मी जिथे नाही तिथला अनुभव मागतात.
त्स्विकाऊच्या कंपनीनं तीनदा बोलावलं.
तिसऱ्यांदा म्हणाले, जर्मन आणखी जरा सुधारा.
हे त्यानं मला जर्मनमध्येच सांगितलं,
एकही चूक न करता.

मे महिन्यात नियम आला:
कागदी फोटो चालणार नाही.
समोर त्यांनीच मशीन बसवलं.
दिवसाकाठी दोघंतिघं येतात आता,
तेही सुट्टे मागायला.
घरमालकाचं पत्र आलंय, सप्टेंबरपर्यंतचं.
माझे किती महिने, ते मीही मोजू लागले आहे.

काल तो आला. सतरावा महिना.
"मशीन समोर आहे," मी म्हटलं.
"तिथूनच आलो. तीनदा म्हणालं, चेहरा सापडत नाही.
चौथ्यांदा दिवा लावला, तेव्हा सापडला."
काय लागलं, काय नाही, मी विचारलं नाही.
त्याच्या हातात लिफाफा होता, बंद.
"आईला पाठवायचाय एक. मोठा.
माप तुम्ही ठरवा."

स्टुलावर बसवलं. हसा, म्हटलं.
तो हसेना.
चार वेळा म्हटलं. ओठ मिटलेलेच.
हनुवटी सरळ, नजर भिंगात,
सवयच लागलेली.
तेवढ्यात चार नंबरची ट्राम गेली,
दुकान हललं, डब्याचं झाकण वाजलं,
त्यानं त्या आवाजाकडे पाहिलं
आणि माझं बोट दाबलं गेलं.

जरासा हललाय.
दुसरा काढते, म्हटलं.
त्यानं तोच घेतला.