चोवीस ओळी

गिरेसूनच्या उतारावर हेझलनट वाळत पडलेत.
ताडपत्रीच्या कडेला बसून नुरजिहान
पसंतीचे चोवीस रकाने भरते आहे, पेन्सिलीनं.
आज रात्री बारापर्यंत मुदत.

तिचा क्रमांक चौऱ्याऐंशी हजार तीनशे बारा.
इझमीरचं भूगर्भशास्त्र गेल्या वर्षी
एक्क्याऐंशी हजारांवर मिटलं.
मधे तीन हजार माणसं उभी,
एकाचाही चेहरा तिला ठाऊक नाही.

मी म्हणते, वर लिही, पहिल्याच ओळीत.
वरचं हुकलं म्हणून खालचं जात नाही.
आई म्हणते, नर्सिंग. इथलंच. अर्ध्या तासाची बस,
आणि माझे हे गुडघे.
गुडघे कुठल्या रकान्यात लिहायचे, नुरजिहान विचारते.
आई हसत नाही.

सहा वर्षांपूर्वी मी पहिल्या ओळीत
नक्की मिळेल ते लिहिलं होतं.
मिळालं.

संध्याकाळी व्यापारी आला. मूठभर उचलले,
फोडले, टरफलं झटकली, गर काट्यावर:
"शंभरात एक्कावन्न."
अख्ख्या उताराचा भाव त्या एका मुठीवर.
बाबा कधी हुज्जत घालत नाहीत. आज म्हणाले,
"दुसरी मूठ घे. खालून."

पन्नास भरले.
बाबा खांदे उडवून पोती शिवायला बसले,
दाभण दातांत, जरा खूशच.

साडेअकराला मी तिच्या खांद्यावरून पाहिलं.
पहिली ओळ इझमीर. दुसरी नर्सिंग.
खालच्या बावीस कोऱ्या,
त्यांवर तिच्या बोटांचे
हिरव्या सालीनं पडलेले तपकिरी डाग,
जे महिनाभर धुतले तरी
जात नाहीत.