नेहमीसारखं

बसस्थानकाच्या काचेवर, हरवलेल्या मांजराच्या जाहिरातीखाली
त्याचा फोटो होता.
दाढी नव्हती. नाव वेगळं. कान मात्र तोच,
वरच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारखा.
मी बस सोडली. पुढचीही सोडली.

वाल्गाच्या बेकरीत रात्रपाळीला आम्ही तिघं:
भट्टीपाशी झोया, साच्यांवर मी,
आणि पिठापाशी उर्मास, जो उर्मास नाही.
मीठ तोच तोलतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.
चाळीस किलो राईच्या पिठाला सातशे वीस ग्रॅम,
काटा थरथरायचा थांबेपर्यंत श्वास धरून उभा.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
आम्ही तर रोजच जागतो, दहा ते सहा.

फोटोखाली लिहिलं होतं: नार्वा, फर्निचरचं गोदाम,
विम्याच्या पैशांसाठी लावलेली आग.
मग बारीक अक्षरात,
आत झोपलेला पहारेकरी, लेम्बित राउडवा, वय सदुसष्ट.
पहारेकऱ्याने झोपायला नको होतं,
असं माझ्या मनात आलं
आणि माझी मलाच लाज वाटली.

तीन रात्री तळ्यात-मळ्यात केलं.
म्हटलं, आत कुणी आहे हे त्याला ठाऊक नसेल.
ठाऊक नसलेला माणूस नाव बदलतो का?
ठाऊक झाल्यावर बदलत असेल.
माझं मनगट दुखतं, म्हणून न सांगता
त्याने माझे साचे उचलून ठेवले,
आणि मी तोंडातल्या तोंडात त्याला शिवी दिली,
आजच कशाला, म्हणून.
मग तिसऱ्या रात्री तो पीठ मळताना शिट्टी वाजवू लागला.
साधीच, सूर नसलेली.
लेम्बितला मुलगी असेल का, असेल तर या वेळी काय करत असेल,
एवढंच डोक्यात घुमत राहिलं शिट्टी थांबली तरी.

इथून लॅटव्हिया रस्त्याच्या पलीकडे आहे.
फाटक नाही, शिपाई नाही,
लोक स्वस्त बिअर आणायला चपला घालून जातात.
तोही गेला असता, पिठाचे हात न धुता.
गेला नाही. अकरा महिने मीठ तोलत राहिला.
हा कोडगेपणा की वाट पाहणं, मला सांगता येत नाही.
झोयाला विचारावंसं वाटलं.
पण विचारलं की ओझं दोघींचं होतं,
आणि झोयाला आधीच दोन मुलं आणि एक गुडघा आहे.

सकाळी सव्वासहाला फोन केला. उणे अठरा.
गोठलेलं बोट आकड्यांवर उमटेना, दोनदा चुकलं,
दोन्ही वेळा बरं वाटलं.
पलीकडे तरुण बाई, सर्दी झालेली.
उंची?
भट्टीच्या कमानीखाली वाकावं लागतं इतकी.
डावखुरा?
मीठ डाव्या हाताने घेतो.
आणखी काही खूण?
मी सांगतच गेले. हसताना तोंडावर मनगट धरतो,
पाव कापण्याआधी त्यावर अंगठ्याने रेघ ओढतो,
चहात साखर घालून ढवळत नाही, तळाची शेवटी खातो.
पुरे, बाई म्हणाली, पुरे.
एवढं तर मला माझ्या नवऱ्याचंही सांगता आलं नसतं
आणि तो एकोणीस वर्षं घरात होता.

आज रात्री कामावर जा, ती म्हणाली.
आम्ही कधी येऊ ते सांगता येणार नाही.
त्याला संशय येऊ देऊ नका, नेहमीसारखं वागा.

नेहमीसारखं म्हणजे साडेतीनला पहिला पाव निघतो.
तो कडेचा तुकडा कापतो, लोणी लावतो,
फडक्यात गुंडाळून माझ्या साच्यांशेजारी ठेवतो
आणि माझ्याकडे न बघता परत पिठाकडे जातो.
नेहमीसारखं म्हणजे मी तो खाते.

आता तीन चाळीस.
झोया सारखी दाराकडे बघतेय. तिला काही माहीत नाही,
फटीतून थंडी येते, म्हणून.
तुकडा अजून गरम आहे.
मीठ बरोबर पडलंय.