सतरा नंबर

परळ. रुग्णालयाची जुनी इमारत, सहावा मजला.
लोखंडी कपाटात अठ्ठेचाळीस दारांचा स्विच,
अकरा वर्षं एकदाही न निजलेला.
आज त्याला उतरवायचं, रात्री दोन ते चार,
कारण त्या वेळात, असं मंजुरीच्या कागदावर आहे,
फारसं कोणी आजारी नसतं.

तुस्कानो सरांनी मला हे यंत्र पाठीकडून शिकवलं.
'पुढचे दिवे कोणीही वाचतं,' म्हणायचे,
'मागे हात धर. श्वास बघ.'
थंड हवा पुढून आत, गरम हवा मागून बाहेर.
पंख्याचा ट्रे उलट्या दिशेचा आणलास
तर शेजारच्याचा उच्छ्वास ओढत बसेल बिचारा.
शिवडीकडून येणारा खारट दमटपणा
पिनांवर हिरवा चढतो, तो ते खोडरबराने पुसायचे.
मार्चमध्ये निवृत्त झाले. आता वसईला केळी लावतात.

वीजपुरवठे दोन. एक भिंतीतून, एक बॅटरीवरून.
चालू यंत्रातून एक खस्सकन ओढून काढा,
दुसरा अख्खा भार उचलतो,
एकही दिवा लवत नाही.
घरात हे मी एकदाच पाहिलं:
बाबांची कंपनी बंद पडली तो महिना,
आणि आईचं पिकोचं मशीन.

कोण कुठल्या दाराशी राहतं, हे त्याला सांगावं लागत नाही.
जो बोलतो त्याचा पत्ता लिहून ठेवतो.
पाच मिनिटं गप्प राहिलात की खोडतो.
मग कोणी तुमची चौकशी केली
तर हाक आली ते दार सोडून
बाकी सगळ्या दारांवर जाऊन विचारतो:
तुमच्याकडे आहेत का?

एकेक तार काढतोय. झैद वाचतो, मी ओढते.
'बारा, एक्स-रे.' 'तेरा, रक्तपेढी.'
'सतरा…' थांबला.
चिकटपट्टीवर सरांचं तिरपं अक्षर:
हात लावू नये.
बस्स. नकाशात नाही, यादीत नाही.
दिवा हिरवा. याच तारेतून सहा वॅट वीजही जातेय,
म्हणजे पलीकडे कोणीतरी
आपल्या हातचं खातंय.

सरांना फोन लावला नाही. अडीच वाजले होते.
आमच्या धंद्यात एक उपाय आहे, फारसा सभ्य नाही:
तार काढायची आणि कोण ओरडतं ते ऐकायचं.
काढली.
आयसीयू गप्प. कॅज्युअल्टी गप्प.
झैद म्हणाला, मेलेली लाइन आहे, सोडा.
मी नवा स्विच कपाटात बसवला, चार स्क्रू,
दोन्ही पुरवठे, वरच्या मजल्याची फायबर.

मग जिन्यात चपला वाजल्या.
रात्री लिफ्ट बंद असते.
कठड्याला धरून एक बाई वर आली,
तळघरातून, दम गिळत,
हातात अजून अर्धी घडी घातलेली चादर.
'माझा फोन मेला का गं?'

धोबीखान्यातल्या मथुरामावशी.
प्रसूती वॉर्ड तिथे फोन करून सांगतो, किती चादरी, कधी.
आज एक बाई आत गेली आहे, जुळं आहे म्हणे,
आणि यांना घंटाच आली नाही.
ओरडल्या नाहीत. सात जिने चढून आल्या.

शंभर मीटर. तांब्यातून या यंत्राची हाक
तेवढीच जाते. त्यापुढे माणसानेच चालावं लागतं.

मी सतराव्या दारात तार खोचली. खट्.
दिवा नारिंगी.
'लागला?'
'थांबा मावशी. नवीन आहे.
आधी नुसता ऐकतो. मग शिकतो. मग बोलू देतो.'
'आमच्या सुपरवायझरला सांग हे,' म्हणाल्या,
आणि स्विचच्या रिकाम्या खोक्यावर बसून
चादरीची उरलेली घडी घातली.

तीस सेकंद. हिरवा.

त्या उतरू लागल्या. झैद त्यांच्यासोबत, चादर घेऊन.
सरांची पट्टी मी काढली नाही.
तिच्याखाली, जरा सरळ अक्षरात, लिहिलं:
धोबीखाना. मथुरामावशी. जिने सात.
मग मागे जाऊन हात धरला.
कोमट.