नऊ वाजताची नदी

लोंढ्याच्या वर, दोन डोंगरांच्या काखेत
आमचा झरा. करवंटीनं भरून घ्यावा एवढाच.
सकाळी आई आधी बेडूक बाजूला करते,
मग पानं, मग घागर.
तिथं चूळ भरायची नाही, पाय धुवायचे नाहीत,
वाकून आपलं तोंडही फार वेळ बघायचं नाही.
का, विचारलं तर म्हणायची,
"निजलेल्या पोराला टक लावून बघतं का कुणी?"

झरा पांढरीला मिळतो, पांढरी काळीला.
लहानपणी मला त्या कुणाच्या तरी
दोन गाई वाटायच्या.
आता काळी सुप्याच्या भिंतीमागं रांगेत उभी असते,
टर्बाइन फिरवते, मगच सुटते.
मी खाली गणेशगुडीला तिची वाट बघतो.
अंगात लाईफ जॅकेट, गळ्यात शिट्टी.
नाव लुमाण्णा. पुण्याची मंडळी लकी म्हणतात.

नऊपर्यंत नुसते दगड,
भांडी घासून पालथी घातल्यासारखे.
मग वळणावरून कुणीतरी ओरडतं, "नीरु बंतु!"
आधी फेस येतो, मग आवाज,
नदी त्यांच्या मागून.
"फॉरवर्ड! पाय आत! तोंड मिटा, जीभ चावेल!"

एकदा एका मुलीनं विचारलं,
ही येते कुठून?
"धरणातून," मी म्हणालो. पुढं खडक होता.
ते उत्तर काजूच्या बोंडासारखं
संध्याकाळपर्यंत घशात खवखवत राहिलं.

मार्चात आईला घेऊन आलो.
अंबाड्यावर हेल्मेट बसेना, शेवटी अंबाडा सोडला.
काठावर तिनं चपला काढल्या.
"अव्वा, घाला, नियम आहे," बसवराज म्हणाला.
"तुझा असेल," म्हणाली,
आणि राफ्टमध्ये अनवाणी चढून बसली,
पाय पोटाशी घेऊन,
पाण्याला लागू नयेत म्हणून.

पहिल्याच उतारावर पाणी आत आलं, मांडीपर्यंत.
पुढचे चौघे किंचाळले, हसले.
मागून आई कुणाला तरी दटावत होती,
"एवढा मोठा झालास,
अजून नीट चालता येत नाही?"
मी वळून बघितलं.
ती माझ्याकडं बघत नव्हती.

दुपारी वर कुणीतरी पाणी बंद केलं.
दगड एकेक करून वर आले.
चपला होत्या तिथंच होत्या, कोरड्या.
ती त्या हातात घेऊन
बसपर्यंत चालत गेली.