आकसण

उद्यमनगरात तीस वर्षं लाकडी साचे केले,
पंपाचे, पंख्याचे, गिअरबॉक्सचे.
यंदा मडिवाळे सरांनी कॉलेजसाठी
देवमाशाचा साचा सांगितला.
हातभर लांब. अ‍ॅल्युमिनियमात ओतायचा.

चोचीचा मासा. मासा नव्हे, म्हणाले सर, दूध पाजतो.
दक्षिणेच्या गार समुद्रातला.
जिवंत कुणी पाहिलेला नाही म्हणे.
वाळूवर येऊन पडलेले, बोटांवर मोजण्याइतके,
तेवढ्यांवरून सगळी मापं.

दात दोनच, तेही नराला. फावड्याच्या पात्यासारखे.
मादीचे जन्मभर हिरडीत राहतात.
मग ते कुणासाठी, मी विचारलं.
सर चहा पीत राहिले.

सागाचा ठोकळा घेतला. रंधा मारला.
कुशीत दोन खळगे, बुडताना पर मिटून ठेवायला.
खोल गेलं की फासळ्या आत येतात,
फुप्फुस चिमटतं, हे सर हळू आवाजात सांगत होते.
मला कसलं नवल?
निवला की धातूही आकसतो.
शंभराला सव्वा वाढवून धरायचं,
आमच्या धंद्यातलं पहिलं गणित.

अडलं डोळ्यापाशी.
ड्रॉइंगमध्ये नुसता ठिपका.
उघडा करू, का मिटलेला?
शेजारच्या इलाहीनं लेथ थांबवला,
म्हणाला, खिळा मार नि मोकळा हो.

आण्णा पाटबंधाऱ्यात होते.
पावसाआधी बंधाऱ्याचे बरगे काढायला
पंचगंगेत बुडी मारायचे, हातानं चाचपत.
काठावर आक्का बांगड्या मोजायची,
या हाताच्या, त्या हाताच्या, परत या हाताच्या.
एकदा तिसऱ्यांदा त्याच बांगडीवर आली
आणि मोजायची थांबली.
तेव्हा आण्णा वर आले, बरग्यासकट.
डोळे उघडे,
पण अजून आमच्याकडे लागलेले नव्हते.
म्हणाले, खाली काय दिसत नाही गं.
तरी मिटवत नाही डोळे.

तसा कोरला. बारक्या पटाशीनं, एक कड फक्त.
इलाही बघून म्हणाला,
हे बघतंय कुठं?

आज सोमवार, उद्यमनगर बंद.
साचा फळीवर आहे, रंग अजून ओला.
उद्या शिरोलीच्या फौंड्रीत वाळूत दाबतील,
अलगद उचलून घेतील.
ओतायच्या आधी
वाळूत त्याच्या मापाची पोकळी राहील थोडा वेळ.
पोरांनी घाई केली नाही तर
वाकून बघून येईन.