दोन अंश जास्त

हेल्दुरने प्रेस बांधला त्या वर्षी
विल्यांदीच्या बस डेपोतून जुनं लोखंड
भंगाराच्या भावात निघालं होतं.
दोन उभे चॅनेल, दोन आडवे, मध्ये वीस टनी जॅक,
आणि जॅक परत खाली ओढायला दोन स्प्रिंगा
शेजारच्या फाटकाच्या.
शेजाऱ्याला अजून पत्ता नाही.

मी दांडा हलवते.
सतरा हेलकावे फुकट जातात.
अठराव्याला तळहाताला कळतं
की आत कुणीतरी आहे.

बर्चच्या लाकडाचा साचा,
त्यावर अर्धा मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा,
त्यावर रबर. बंद पडलेल्या पीटच्या कारखान्यातला
वाहता पट्टा कापून सहा थर रचलेले.
रबर ठोकत नाही, हातोडीसारखं गाव जागं करत नाही.
ते नुसतं बसतं,
मुक्कामाला आलेली नणंद बसते तसं, सगळीकडून,
आणि पत्र्याला जायला दुसरी जागा उरत नाही.

त्याआधी साबण.
पत्र्यावर धुण्याच्या साबणाची रेघ ओढायची,
खालून ज्योत फिरवत राहायची.
रेघ तपकिरी झाली की थांबायचं.
काळी झाली तर उशीर झाला.
हे त्याने मला शिकवलं नाही.
दारात उभी राहून, हातातली कॉफी गार होऊ देत,
मी ते चोरलं.

पंखाला सत्तावीस फासळ्या हव्यात.
त्याने अकरा केल्या, अकराच्या अकरा फसल्या.
प्रत्येकीवर पेन्सिलीने तारीख, आणि: परत उघडली.
परत उघडली.
परत. का?
नववीवर एक शिवी आहे.
ती वाचताना मला त्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो,
एरवी हल्ली नीट लागत नाही.

चूक साच्यात होती.
नकाशात नव्वद अंश, म्हणून त्याने नव्वदच कापले.
तीस वर्षं डेपोतून बस सोडणारा माणूस,
आठ म्हणजे आठ.
पण पत्रा दाबाखाली हो हो म्हणतो
आणि दाब उठला की दोन अंश मागे सरकतो.
लबाडी नाही ती. आपण सपाट होतो
हे त्याला आठवतं, एवढंच.
मला काही नवल वाटलं नाही.
एकेचाळीस वर्षं मी हेल्दुरला
हवं त्यापेक्षा थोडं जास्तच सांगत आले,
तेव्हा कुठे तो हवा तेवढा वळायचा.

कानस घेतली. साच्याच्या कडा
दोन अंश आत तासल्या.
पहिली फासळी कोपऱ्यात फाटली,
ओठ फुटावा तशी, बारीक.
कोपरा सॅंडपेपरने गोल केला.
दुसरीला नाकाशी सुरकुत्या.
तिसरीच्या वेळी जॅकचं तेल गळलं, मी घरी जाऊन झोपले.
चौथी बाहेर काढली, गुण्या लावला,
दिव्यासमोर धरली.
मधून उजेड आला नाही.
कुणाला सांगावं कळेना, म्हणून गुण्यालाच म्हटलं, बघ.

काल प्रीत आला, टेप घेऊन.
म्हणाला, मैमू, पंख सहा मीटरचा,
गॅरेज साडेपाच.
तिरका जोडता येईल,
पण दारातून वळणार नाही.
म्हटलं, एकोणीस झाल्यात, आठ राहिल्यात,
मग बघू.

रात्री मागच्या भिंतीचं फडताळ सरकवलं.
गंजलेले डबे, रिव्हेटची पुडी, कोळ्याचं जाळं,
आणि त्यामागे विटांवर
पेन्सिलीने आखलेला चौकोन,
पंख आडवा बाहेर जाईल एवढा.
चारही कोपऱ्यांत त्याच्या अक्षरात: नव्वद.

विटांना ते चालेल.