ओळ दोनशे चौदा

महिन्यातून एकदा मी चार पानं काढतो.
पत्ते एकशे बारा; उघडून बघणारे, इर्या म्हणते, चाळीस.
काम फार नाही: कुठली आवृत्ती कधी येणार,
शिकवायला कोण येणार, कुठलं बटण कुठे हलवलंय,
आणि ते हलवलं म्हणून कोण कोण चिडलंय.

टाम्परेत नोव्हेंबरला चारलाच दिवे लागतात.
धबधब्याकाठच्या जुन्या कापडगिरणीत, दुसऱ्या मजल्यावर,
आम्ही जमतो दुसऱ्या गुरुवारी:
कागदयंत्रांचे रूळ रेखाटणारे, दगड फोडणारे जबडे रेखाटणारे,
आणि पिहला, जी फक्त बिजागऱ्या करते
आणि बिजागरीवर बोलायला लागली की आवरत नाही.
ओले बूट दाराशी. वेलचीचा पाव.
कॉफी, तीही परत गरम केलेली.

या वेळी बातमी मोठी होती. नवी आवृत्ती.
कंपनीचा एक पोरगेलासा माणूस आला होता;
पडद्यावर त्यानं एक गिअरबॉक्स भोवऱ्यासारखा गरगरवला.
"आता सावल्या खऱ्या पडतील," म्हणाला.
सावल्यांचं आम्हाला काय!
लेथवर सावली कुणी कातत नाही.

मग बदलांची यादी आली, मुंगीएवढ्या अक्षरांत,
तिच्याकडे पाठ करून तो बोलतच राहिला.
ओळ दोनशे चौदा:
'तीन कडा एका बिंदूत मिळतात तिथे
वेगवेगळ्या त्रिज्यांची गोलाई आता तुटत नाही.'

एक खुर्ची करकरली.
ही आर्मासची ओळ.
एकोणीस वर्षं त्यानं हे सांगितलं,
दर बैठकीला, दर पाहुण्याला, त्याच सपाट आवाजात,
शेजाऱ्याला सांगावं तसं, की बाबा, तुमच्या फाटकाची कडी सैल झालीय.
उत्तर यायचं: नोंद घेतली.
त्या उत्तरांची त्यानं फाइल केली होती,
आणि फाइलची पाठ स्वतः पत्रा वाकवून.
एप्रिलमध्ये तो गेला.
मी चौकटीत चार ओळी छापल्या
आणि त्यातल्या एकीत त्याचं आडनाव चुकवलं.

एवढी वर्षं आम्ही त्याचीच युक्ती वापरत आलो:
कोपऱ्यात दोन शतांश मिलिमीटरची पायरी सोडायची.
डोळ्याला दिसत नाही, नखाला लागत नाही,
गणिताला मात्र पाऊल टेकायला तेवढी जागा पुरते.
किती पंपांत, किती झडपांत ती गेली, मोजदाद नाही.
पहिल्याच घासणीत ती निघून जाते.

इर्यानं त्याचं जुनं पंपाचं कवच उघडलं, नव्या आवृत्तीत.
आम्ही तिच्या खांद्यामागे दाटलो.
चक्र फिरलं, फिरलं, थांबलं.
गोलाई बसली. लोण्यासारखी.
आणि कोपऱ्यावर एक पिवळा त्रिकोण:
'अनावश्यक कड आढळली. काढून टाकायची?'
हो. नाही.

"काढा की," पिहला म्हणाली, "आता कशाला हवी?"
तिचं बरोबरच होतं.
बाण 'हो'वर गेला आणि तिथे रेंगाळला.
कडेखाली तारीख होती, कुठल्याशा रविवारची,
वेळ रात्री सव्वादोन.
इर्यानं 'नाही' दाबलं.
माग्नुस पुटपुटला, हे काही इंजिनिअरिंग नव्हे.
तेही खरं.
पडद्याजवळचा पोरगा विचारत होता, काही शंका?

तर या महिन्याच्या बातम्या:
नवी आवृत्ती पंधरा जानेवारीला. जुन्या फाइलींच्या प्रती आधी काढून ठेवा.
सावल्या बंद करता येतात; बटण डावीकडे गेलंय.
ओळ दोनशे चौदा चालते. मी तीन भागांवर करून पाहिली.
एप्रिलच्या अंकात एक क गळला होता:
पुहाक्का असं वाचावं.
पुढची बैठक दुसऱ्या गुरुवारी.
कप आपापला आणावा.